मुळासकट सात्या

आमच्या घराण्यात प्रवासवर्णन सांगायचा हक्क विमानात बसलेल्यांचा. थोरला चुलतभाऊ चार दिवस बँकॉकला जाऊन आला, ते चार दिवस आम्ही अजून दर दिवाळीला ऐकतो. मी हिंगणघाटहून निघालो आणि सेलूच्या पलीकडे पोचलो. वर्धा जिल्हासुद्धा ओलांडला नाही. एसटीच्या दोन गाड्या आणि भाच्याच्या मोटारसायकलची मागची सीट, एवढाच माझा प्रवास. तरी लिहितो आहे, कारण त्या तीन दिवसांत माझ्या हातून एका घरात मोठा घोटाळा झाला आणि तो घोटाळा निस्तरताना जे घडलं ते बँकॉकला दिसलं नसतं.

आधी माझ्या विद्वत्तेबद्दल. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं. नुसतं चालणं मला जमत नाही, कंटाळा येतो. म्हणून वेणा नदीच्या काठानं चालताना मी झुडपांचे, गवताचे आणि भूछत्रांचे फोटो काढू लागलो. फोन फुलांची नावं सांगतो, भूछत्रांचीही सांगतो. एकदा माझ्या अंगठ्याचा फोटो चुकून निघाला तर त्यालाही त्यानं एक नाव दिलं. हे सगळे फोटो मी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतो. उत्तरादाखल तीन-चार जण हात जोडतात. बायको मला छत्रीवाले म्हणते.

भाद्रपद सरत आला होता तेव्हा अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, अडुसष्ट वर्षांची. सेलूच्या पुढे, बोरच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी तिचं सासर. मेव्हणे जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा विनोद आणि सून वर्षा यांच्यासोबत ती राहते; नातू वर्ध्याला वसतिगृहात शिकतो. फोनवर ती म्हणाली, "दिल्या, तुले त्या छत्र्यायचं समजते म्हणे. मंग येजो दोन दिवस. मले एक जोडी डोळे पाह्यजेत."

अखेर घरात कुणीतरी आपली कदर केली, या आनंदात मी त्याच दिवशी बॅग भरली. बॅगेत दोन सदरे, औषधाची डबी, अक्कासाठी गोरसपाक बिस्किटं आणि एक नवा घडीचा चाकू. एका परदेशी माणसाच्या व्हिडिओत मी पाहिलं होतं, की भूछत्र उपटू नये, जमिनीलगत चाकूनं अलगद कापावं. मातीतल्या जाळ्याला धक्का लागत नाही आणि टोपली स्वच्छ राहते. मला हे फार सुसंस्कृत वाटलं होतं. हा चाकू लक्षात असू द्या.

हिंगणघाटहून वर्ध्यापर्यंत दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि कपाशी. बोंडं धरली होती, सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. या सपाट मुलखाचा मी रहिवासी. इथे झाडापेक्षा आभाळ जास्त. वर्ध्याच्या बसस्टँडवर तर्री-पोहे खाल्ले आणि डॉक्टरांची क्षमा मागितली. सेलूला उतरलो तर विनोद गाडी घेऊन उभा. पाया पडला, बॅग पुढे ठेवली आणि निघताना मान न वळवता म्हणाला, की मामाजी, आईच्या नादी जास्त लागू नका. मी विचारलं, कशाबद्दल. तो म्हणाला, घरी गेल्यावर समजंल.

सेलू मागे पडलं तशी जमीन हळूहळू वर-खाली होऊ लागली. सडकेच्या कडेला तरोटा (टाकळा) कमरेएवढा झाला होता, पिवळी फुलं आणि बारीक शेंगा एकाच वेळी. कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे पडीक वावरात असे उभे होते की पेरलेच असावेत. पुढे सागाची झाडं आली, माथ्यावर पांढुरक्या मोहोराचा फेस घेतलेली. मी दोनदा गाडी थांबवायला लावली. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा विनोदला ऐकू आलं नाही.

अक्काची एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्यात जाळी आहे. तरी मी अंगणात पाय ठेवताच ती ओट्यावरून म्हणाली, की पोट वाढलं तुझं. वर्षानं चहा दिला. तिशी ओलांडलेली, कमी बोलणारी, कामात चलाख बाई. माहेर तिचं अल्लीपूर, म्हणजे तीही माझ्यासारखी कपाशीच्या काळ्या मातीतली. लग्नाला अकरा वर्षं झाली.

जेवण झाल्यावर अक्का मला अंगणातल्या खाटेवर घेऊन बसली आणि तिनं सगळं सांगितलं. तिच्याकडे सात्याची एक जागा आहे. सात्या म्हणजे वारुळावर उगवणारी पांढरी अळिंबी. आभाळ गडगडलं, वीज कडाडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जमीन फोडून वर येते आणि दोन दिवसांत संपते. ज्या वारुळावर एकदा आली तिथे वर्षानुवर्षं येते. म्हणून जागा कुणी कुणाला सांगत नाही. त्या गावात रीत अशी, की जागा सासूनं सुनेला सांगायची. पोराला सांगायची नाही, कारण पोरं पानठेल्यावर बोलतात. अक्काला तिच्या सासूनं लग्नानंतर सातव्या वर्षी दाखवली. अक्कानं मात्र वर्षाला अकरा वर्षं झाली तरी दाखवली नव्हती.

का, असं मी विचारलं. अल्लीपूरच्या पोरीला जंगलातलं काय कळणार, आधी पाहू, मग पाहू, असं करत राहिलं म्हणाली. आणि गेल्या वर्षी भलतंच झालं. अक्कानं आणलेल्या सात्यांची भाजी वर्षानं खाल्ली आणि तिला दिवसभर उलट्या. सेलूच्या दवाखान्यात दोन दिवस सलाईन. अक्काला काही झालं नाही, विनोदनं त्या दिवशी खाल्लंच नव्हतं. सात्यात एखादं भलतं भूछत्र मिसळलं होतं की बाहेरच्या पाण्यानं झालं, ते कळलं नाही. पण विनोदनं सांगून टाकलं, या घरात यापुढे जंगलातलं शिजणार नाही. वर्षा काहीच बोलली नाही.

"थे बोलली असती तं बरं होतं," अक्का म्हणाली. "भांडली असती तं मी बी भांडली असती."

मग ती मूळ मुद्द्यावर आली. यंदा एकदा तिला सात्या आणायच्या होत्या. तिच्या हातचं वर्षानं एकदा खावं, एवढंच. खाल्लं तर त्याच दिवशी जागा तिला दाखवून मोकळी होणार. नाही खाल्लं, तर पुन्हा जंगलाकडे जायचं नाही, आणि जागाही तिच्यासोबतच जाईल. फक्त स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा राहिला नव्हता, म्हणून भावाचे बोलावले. भाऊ पानठेल्यावर बोलत नाही का, असं मी म्हणालो. तर म्हणाली, तू बोललास तरी कोण ऐकते.

पहिला दिवस सरावाचा गेला. अक्का पुढे, मी मागे, पांदणीनं (शेतांमधल्या वाटेनं). रायमुनिया (घाणेरी) दोन्हीकडून वाटेवर आली होती. माझ्या पँटवर कुसळांची इतकी दाटी झाली की मीच एक चालता धुरा (बांध) दिसू लागलो. एका पडलेल्या आंब्याच्या खोडावर कानासारखी तपकिरी भूछत्रं एकावर एक रचलेली होती, दाबली तर लाकडासारखी टणक. वाळक्या शेणावर बटणाएवढ्या वाट्या उगवल्या होत्या आणि प्रत्येक वाटीत चार-चार काळी अंडी; पाखरानं घरटं बांधायची आधी तालीम केली असावी तशी. बांबूच्या बेटाजवळ भयंकर वास आला. मी शरमेनं चपला उलट्या करून पाहिल्या. अक्का हसली आणि काठीनं दाखवलं: पांढरी जाळीदार झालर नेसलेलं एक उंच भूछत्र, नवरीसारखं नटलेलं आणि मेलेल्या उंदरासारखं घाणेरडं. त्यावर माशांची वरात. माझ्या फोननं त्याला शोभेचं फूल ठरवलं.

अक्काला दिसत कमी होतं, पण ती पाहत जास्त होती. कुठलं पान चुरगळून नाकाशी न्यायचं, कुठलं नुसतं लांबूनच ओळखायचं, हे ती चालता-चालता सांगत होती. माझ्याजवळ फोटो जमत होते, नावं जमत होती. एवढं सगळं माहीत असलेली बाई घरात गेल्या वर्षापासून तांदूळ निवडते, आणि तेही निवडल्यावर सून पुन्हा निवडते, हे मात्र फोटोत येत नव्हतं.

त्या संध्याकाळी आभाळ गडगडलं. तासभर विजा चमकल्या. अक्का ओट्यावर बसून ते ऐकत होती, रेडिओवर बातम्या ऐकावं तसं.

मधला दिवस जाऊ दिला आणि तिसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही निघालो. वर्षा अंगण झाडत होती. तिनं टोपलीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि बाजूला सरून वाट दिली. जागा कुठे आहे ते मी लिहिणार नाही. राखीव जंगलाच्या अलीकडे आहे, एवढं पुरे. पोचलो, आणि मला वाटलं कुणीतरी वारुळाभोवती मोगऱ्याच्या कळ्या उधळल्यात. जवळ गेलो तर प्रत्येक कळी बोटभर उंच, टोकाला करडा ठिपका, काहींच्या छत्र्या नुकत्या उघडलेल्या. मी फोन काढायचंसुद्धा विसरलो. अक्का खाली बसली, हात पुढे केला आणि एकीच्या डोक्यावरून बोट फिरवलं.

तेवढ्यात घंटा वाजल्या. गायकी (गुराखी) जनावरं घेऊन त्याच अंगानं येत होता. अक्का चटकन उठली, टोपली माझ्या हातात दिली, काढ लवकर म्हणाली आणि पदर सावरत पांदणीवर जाऊन उभी राहिली. तिथून मला सगळं ऐकू येत होतं. तिनं त्याला आधी त्याच्या आईच्या गुडघ्यांबद्दल विचारलं, मग गाभण गाईबद्दल. तो म्हणाला, झुडपात कोण आहे. अक्का म्हणाली, माझा भाऊ, हिंगणघाटचा, पोट बिघडलं त्याचं. गायकी म्हणाला, शहरातले लोक, सहन नाही होत त्यांना इकडचं तिखट. यावर दोघांनी मिळून माझ्या पोटाची बरीच चर्चा केली आणि मी झुडपामागे बसून, चाकू काढून, एकेक सात्या जमिनीलगत अलगद कापत होतो. पुसून, स्वच्छ करून, टोपलीत रचत होतो. वारुळापासून हातभर अंतरावरही दोन-तीन दिसल्या, त्याही घेतल्या. वर पळसाची पानं झाकली. गायकी पुढे गेल्यावर आम्ही घाईनं परतलो. अक्काची चाल बदलली होती. वाटेत तिनं दोनदा विचारलं, की चांगल्या आहेत ना. मी म्हणालो, पहिल्या नंबरच्या.

स्वयंपाकघरात वर्षानं पानं बाजूला केली. एक सात्या उचलली, उलटी केली, खिडकीच्या उजेडात धरली. मग दुसरी. मग तिसरी.

"मामाजी, याची मूय कुठी हाय?"

मूय म्हणजे मूळ. मी आनंदानं व्हिडिओ, परदेशी माणूस, मातीतलं जाळं असं सगळं समजावलं. बोलता-बोलता माझ्या लक्षात आलं की समोर कुणी मान डोलवत नाही. अक्का उठून आली होती. तिनं एका देठाच्या कापलेल्या टोकावर अंगठा ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

हे मला नंतर कळलं, तुम्ही आधीच समजून घ्या. सात्याला खाली लांब मूळ असतं, उंदराच्या शेपटीसारखं. ते मातीतून थेट वारुळाच्या पोटात गेलेलं असतं. विषारी भूछत्र वरून हुबेहूब असलं तरी त्याला ही शेपटी नसते. म्हणून त्या गावात सात्या कुणी कापत नाही. दोन बोटं मातीत घालून, हलवून, सबंध उपटतात आणि घरी आल्यावर आधी मूळ पाहतात. छत्रीवर कुणाचाच विश्वास नसतो. मी साक्षीदाराची जीभ कापून त्याला न्यायालयात आणलं होतं.

मी फोन पुढे केला. पहिल्या फोटोला फोन म्हणाला, खाण्यायोग्य. त्याच सात्याचा दुसऱ्या बाजूनं फोटो काढला तर म्हणाला, अतिविषारी. वर्षानं फोनकडे पाहिलं नाही.

"फेकाचं नाई," ती म्हणाली, "पण शिजवाचं बी नाई."

तिनं टोपली फळीवर ठेवली आणि कणिक घ्यायला वळली. आवाज चढला नाही, भांडं आपटलं नाही. अक्का भिंतीला टेकून खाली बसली. माझ्या बहिणीला मी रागावलेली पाहिली आहे, रडतानाही पाहिली आहे. अशी पाहिली नव्हती. तिनं मला एका शब्दानंही बोल लावला नाही, तेही मला सहन होईना. मी माफी मागू लागलो तर हातानंच गप्प केलं. चुलीवर दूध तापत होतं.

कणकेत पाणी घालता-घालता वर्षा थांबली. सासूकडे न पाहता, परातीकडेच पाहत तिनं विचारलं, "आत्याबाई, मुया तं मातीतच राह्यल्या असतीन ना?"

अक्कानं मान वर केली.

"मंग चला ना. खोदून पाहू."

आता अक्काच्या चेहऱ्यावर जे चाललं ते मी समोर बसून पाहत होतो. जागा खाल्ल्यावर दाखवायची होती. ही म्हणत होती, आधी दाखवा, मग खाऊ की नाही ते ठरवू. अकरा वर्षांची सगळी आधी-पाहू-मग-पाहू त्या पाच-दहा श्वासांत गोळा झाली असावी. मग तिनं भिंतीला हात लावला आणि उठली.

"खुरपं घे," ती म्हणाली. "अन् दिल्या, तू दुधाकडे पाह्य. चाकूले हात लावजो नोको."

दोघी गेल्या. मी दुधाकडे पाहिलं. ते उतू गेलं, कारण माझं लक्ष दाराकडे होतं. विनोद वावरातून आला, आई आणि बायको कुठे आहेत असं त्यानं विचारलं. रीतीप्रमाणे मला सांगता येत नव्हतं. मी म्हणालो, बाहेर. तो फळीवरची टोपली पाहून समजला आणि खाटेवर जाऊन बसला.

दोन तासांनी त्या आल्या. दोघींच्या लुगड्यांना मांडीपर्यंत माती. वर्षाच्या एका हातात सबंध उपटलेल्या नव्या सात्यांची जुडी, लांब शेपट्या लोंबणाऱ्या. ओच्यात मी मातीत सोडून आलेली मुळं. तिनं ओसरीवर वर्तमानपत्र अंथरलं. मग दोघी समोरासमोर बसल्या आणि माझे कापलेले देठ एकेका मुळाला जोडून पाहू लागल्या. वर्षा डोळ्यांनी जोडी लावायची, अक्का बोटांनी ती तपासायची. जाड देठाला जाड मूळ, तिरक्या कापाला तिरका काप. ही बसली. ही नाही, दुसरी दे. ही बसली.

शेवटी दोन देठ उरले. त्यांना मूळ नव्हतं. तसे तेही पांढरे, तेही देखणे. वारुळापासून हातभर अंतरावरून मी जास्तीचे घेतलेले.

  वर्षानं ते दोन आणि त्यांच्यासोबत माझी सगळी टोपली नेऊन दूर खड्ड्यात पुरली. एकमेकांना लागलेलं काही ठेवायचं नाही म्हणाली. अक्का तिच्याकडे तोंड करून बसली होती. जाळी आलेल्या डोळ्यानं किती दिसत होतं कोण जाणे. "गेल्या वर्षी बी असंच झालं असंन," ती म्हणाली. "मुया होत्या तवा बी मले दिसलं नसंन."

वर्षा हात धूत होती. "आता दोघी पाहू," एवढंच म्हणाली.

नव्या सात्या वर्षानं तीनदा धुतल्या, मुळं खुडून कांदा, लसूण आणि खोबऱ्याच्या वाटणात टाकल्या. पोळ्या अक्कानं लाटल्या. त्या घरचा नियम आहे, जिनं आणलं तिनं आधी खायचं, बाकीच्यांनी थांबायचं. आजवर ताट एकटीचं असे. त्या दिवशी अक्कानं ताट वाढलं आणि वर्षाला समोर बसायची खूण केली. एकाच ताटात दोघींनी एकाच वेळी घास घेतला. विनोद दारात उभा राहून पाहत होता. चार घास झाल्यावर त्यानं पायरीवरच्या बादलीत हात धुतले आणि कुणी म्हणायच्या आत पाटावर येऊन बसला. मला सर्वांत शेवटी, आणि माझ्या योग्यतेपेक्षा जास्त वाढलं. सात्याची चव कशी असते ते विचारू नका. मटणासारखी म्हणतात, मला ओल्या मातीच्या वासासारखी लागली, म्हणजे तो वास चावता आला तर.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी फोटो चाळत होतो. झालरवालं होतं, शेणावरच्या वाट्या होत्या, खोडावरचे कान होते. जे पाहायला गेलो होतो ते सगळं होतं. मात्र ओसरीवरच्या वर्तमानपत्राचा एकही फोटो नव्हता. दोन वर्षं मी जमिनीच्या वर जे येतं तेवढंच टिपत फिरलो आणि त्याला अभ्यास म्हणत होतो. वर जे येतं ते दोन दिवसांचं. अक्काचं रागावणं, वर्षाचं गप्प राहणं, तेही आम्ही सगळे वरूनच पाहत होतो. खाली काय कशाला जोडलेलं आहे हे उकरून पाहायची कुणाची तयारी नव्हती. अल्लीपूरच्या पोरीनं खुरपं उचललं. आता वेणेच्या काठी मी चालतो तेव्हा फोटो कमी निघतात आणि गुडघे जास्त मळतात. बायकोला हे पसंत नाही.

दसऱ्याच्या आधी अक्काचा फोन आला. माझ्या पोटाची चौकशी झाली. गायकीनं गावभर विचारलं म्हणे, हिंगणघाटचे पाहुणे बरे झाले का. मग तिचा आवाज जरा खाली आला. वर्षाला दुसरी जागा सापडली होती. एकटी गेली होती, ओचा भरून आणल्या, एकेक मूळ अक्काच्या बोटाखालून काढलं. सगळ्या खऱ्या.

मी विचारलं, कुठे सापडली.

"मले सांगत नाई," अक्का म्हणाली. शब्दांत तक्रार होती, पण आवाजात कौतुक मावत नव्हतं. "अन् मी बी इचारलं नाई. तिची सून आली का तिले सांगन."